ताप उतरला, मग चौदा दिवस गोळ्या कायले?

डोंगरगुरुजी

राम राम मंडळी. मी धानोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वर्ग पाचवा, पण गावात मास्तर म्हटलं की रेशनकार्डापासून रक्ताच्या रिपोर्टापर्यंत सगळं त्यालाच विचारतात. बहुतेक वेळा त्याला काही माहीत नसतं.

आता माझ्याच घरची गोष्ट. श्रावणात, रोवणीच्या धामधुमीत, घरच्यांना, म्हणजे बायकोला, हुडहुडी भरून ताप आला. आशाताईंनी बोट टोचून किट लावलं, मलेरिया निघाला, व्हायव्हॅक्स जातीचा. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी बाई बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरल्या. सहाव्या दिवशी "मळमळते, आता बरी आहे मी" म्हणून प्रायमाक्विनचं पाकीट देवळीत ठेवलं, ते तिथेच राहिलं. दिवाळीच्या चार दिवस आधी पुन्हा तोच ताप. पुन्हा व्हायव्हॅक्स.

मधल्या काळात आम्ही रोज मच्छरदाणीत झोपलो. मग हा नवा डास की जुनाच जंतू? जुना असेल तर इतके दिवस लपला कुठे? आणि शेजारच्या पोराला फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचीच दुसरी जात, निघाला होता, त्याला प्रायमाक्विन एकाच दिवशी देऊन मोकळं केलं. त्याला एक दिवस, हिला चौदा, हे कसं?

घरी हे चाललेलं असताना वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, थो जंतू रक्तात रायते, त खाते काय?" म्हटलं, उद्या सांगतो. त्याला आज आठ दिवस झाले.

पांदणवाला

गुरुजी, आमच्याइकडं ताप उतरला का गोळी बंद, हा नियमच हाय. उरलेल्या गोळ्या जपून ठेवाच्या अन् पुढच्या साली शेजाऱ्याले द्याच्या. मी सोता असा दोनदा डॉक्टर झालो हाय.

शंभर फील्ड

पांदणवाले, तुमच्यासारख्या डॉक्टरांमुळेच माझी नोकरी तीस वर्षं टिकली.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. एटापल्ली-भामरागड भागात स्लाइड पाहण्यातच जन्म गेला. एका काचेवर जाड थेंब, शेजारी पातळ थर, जेएसबी स्टेन, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर फील्ड (म्हणजे काचेवरच्या शंभर जागा) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. (जेएसबी म्हणजे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी. रंग आपल्याच देशात तयार झालेला, स्वस्त आणि झटपट.)

तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. तांबड्या पेशीत शिरलेला जंतू आधी बारीक अंगठीसारखा दिसतो, खडा बसवलेली अंगठी. मग तो फुगतो, वेडावाकडा होतो आणि त्याच्या पोटात काळपट तपकिरी कण दिसू लागतात, चुलीच्या काजळीसारखे. आम्ही त्याला पिगमेंट म्हणायचो. तो त्याच्या जेवणाचा उरलासुरला भाग.

या काजळीनंच जंतूची चुगली केली. १८८० साली लाव्हरान नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्जेरियात रुग्णांच्या रक्तातले हे काळे कण न्याहाळत बसला होता. त्यातल्या एकाला हलणारे धागे फुटलेले दिसले आणि हा जिवंत प्राणी आहे हे कळलं. पुढे २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत तोच काळा रंग सापडला. कण ओळखीचे होते म्हणून डास पकडला गेला.

डोंगरगुरुजी

वा! म्हणजे पोरीनं नोबेलवाला प्रश्न विचारला म्हणायचं. पण काजळी कशाची? जेवतो नेमकं काय?

वर्धेकरीण

इथे मला तोंड घालायलाच हवं. मी मूळची वर्धेची, आता पुण्यात जीवरसायन शिकवते. नोकरीत याच जंतूच्या पोटाचा अभ्यास केलाय.

तो हिमोग्लोबिन खातो. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिननं ठासून भरलेली कणगी. जंतू त्या कणगीच्या आत राहायला येतो आणि ४८ तासांत अर्ध्याहून जास्त धान्य फस्त करतो. ६० ते ८० टक्क्यांपर्यंतचे अंदाज आहेत. त्याला तोंडासारखी एक खाच असते, तिथून घोट घेतो आणि आतल्या एका पोकळीत नेतो. ही पोकळी त्याचं पोट. तिथलं वातावरण आंबट, पीएच साधारण ५ ते ५.५. या पोटात तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात: प्लाझ्मेप्सिन पहिला घाव घालतात, फाल्सिपेन तुकडे करतात, मग बाकीची बारीक भरड काढतात. शेवटी उरतात अमिनो आम्लं, त्यातून तो स्वतःची प्रथिनं बांधतो.

गंमत अशी की माणसाच्या प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्ल अजिबात नसतं. एवढ्या भरल्या कणगीत बसून त्याला ही एक वस्तू बाहेरून, आपल्या रक्तातून, आणावी लागते. तांदळाच्या कोठीत राहणाऱ्यालाही मीठ दुकानातूनच आणावं लागतं, तसं. त्यासाठी तो पेशीच्या भिंतीला नव्या वाटा पाडतो.

आता काजळी. हिमोग्लोबिन म्हणजे प्रथिनाच्या चार साखळ्या आणि प्रत्येक साखळीत एक हीम, ज्याच्या मध्यभागी लोखंडाचा अणू. प्रथिन खाल्लं, हीम उरलं. धान कांडलं की कोंडा उरतोच, पण हा कोंडा विषारी आहे. मोकळं हीम पडदे फाडतं, विकरं बंद पाडतं. ते तसंच राहिलं तर जंतू स्वतःच्याच जेवणानं मरेल. म्हणून तो हीमचे रेणू एकमेकांत अडकवून त्याचे घट्ट स्फटिक बनवतो. स्फटिक झालं की विष थंड. त्याचं नाव हिमोझॉइन. शंभर फील्डकाकांची काजळी ती हीच.

पांदणवाला

आमच्याइकडं कणगीले ढोली म्हणतेत. बाकी समजलं. मंग गोळी काय करते?

वर्धेकरीण

क्लोरोक्विन तो कोंडा बांधू देत नाही.

ही गोळी अल्कधर्मी. रक्तात असताना ती पडद्यातून सहज आत-बाहेर करते. पण जंतूच्या आंबट पोटात गेली की तिच्यावर विद्युतभार चढतो आणि मग पडदा ओलांडून परत येता येत नाही. बांधीतून पाणी निघतं त्या तोंडाशी बांबूचा सापळा लावतात ना, मासा आत जातो, बाहेर येत नाही, तसं. रक्तापेक्षा हजारपटींनी जास्त औषध त्या इवल्याशा पोटात साचतं. तिथे ते हीमला चिकटतं, स्फटिक वाढायचं थांबतं आणि विष मोकळं राहतं. जंतूला बाहेरचं विष लागत नाही, त्याच्याच ताटातलं पुरतं.

क्विनीनचं कामही बरंचसं याच जागी चालतं असं मानतात. १८२० साली सिंकोनाच्या सालीतून पेल्टिए आणि काव्हांतू यांनी ते वेगळं केलं. ब्रिटिश काळात आपल्याकडे पोस्टात क्विनीनच्या पुड्या विकत मिळत. क्लोरोक्विन मात्र कारखान्यातलं, १९३४ मध्ये जर्मनीत हान्स आंडरझाग यांनी बनवलेलं.

शंभर फील्ड

आमच्या आज्याच्या ट्रंकेत पोस्टाच्या पुडीचा रिकामा कागद होता. आत काय होतं ते चाटून पाहिल्याबद्दल मी मारही खाल्लाय.

तिसरी सुई

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्या तालुक्याच्या गावी एक डॉक्टर आहेत, तेलातली सुई मारतात, तीन दिवस तीन सुया. पहिल्या सुईलाच ताप खाली. गोळ्या-बिळ्या काही देत नाहीत. सरकारी पाकिटांची नाटकं नकोच.

पीएचसी डायरी

तिसरी सुई, थोडं गणित करू. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे.

ती सुई बहुधा आर्टीथर, आर्टेमिसिनिनच्या कुळातली. हे कूळ फार वेगवान. एका ४८ तासांच्या फेरीत दहा हजार जंतूंपैकी जेमतेम एक उरतो. आता बऱ्यापैकी आजारी माणसात एक लाख कोटी जंतू असू शकतात. तीन दिवस म्हणजे जेमतेम दोन फेऱ्या. लाख कोटीला दहा हजारानं दोनदा भागा. उरले दहा हजार. माणूस खडखडीत बरा, ताप नाही, भूक लागली, आणि अंगात दहा हजार जंतू.

म्हणून सोबतीला दुसरं, सावकाश चालणारं, बरेच दिवस अंगात टिकणारं औषध देतात. फॅल्सिपॅरमच्या सरकारी पाकिटात आर्टेसुनेट तीन दिवस आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन पहिल्या दिवशी असतं. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर देशात बंदी आहे ती याच कारणानं. सुईनंतर सोबतीचं औषध न देणं म्हणजे पिकातलं तण वरून कापून मुळं ठेवणं. कापलेल्यातून जे वर येईल ते चिवट येईल.

आशाताई

पाकिटाच्या रंगाचं सांगते, कारण घरोघरी हाच घोळ असते. एक वर्षाच्या आतलं गुलाबी, १ ते ४ पिवळं, ५ ते ८ हिरवं, ९ ते १४ लाल, १५ च्या वर पांढरं. एका घरी मोठ्या माणसाचं पांढरं पाकीट अर्धं करून लेकराले दिलं होतं. असं करू नका जी.

दुसरं, किटचं. औषध पूर्ण झालं, ताप नाही, तरी लोक पंधरा दिवसांनी पुन्हा टोचून घेतेत अन् लाइन आली म्हणून माझ्यावर रागावतेत, "तुमची गोळी खोटी." सरांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं का लाइन आली तरी घाबरू नका, पण का येते थे कोणी सांगितलं नाही.

वर्धेकरीण

ताई, फार चांगला मुद्दा. किटच्या दोन रेघा दोन वेगळ्या गोष्टी पकडतात. फॅल्सिपॅरमची रेघ पकडते एचआरपी-२ नावाचं प्रथिन, जे फक्त तोच जंतू रक्तात सोडतो. जंतू मेला तरी हे प्रथिन कित्येक आठवडे रक्तात फिरत राहतं. पाहुणे गेले तरी पत्रावळी अंगणात, तसं.

दुसरी रेघ पकडते जंतूचं लॅक्टेट डिहायड्रोजनेज. हे त्याच्या चुलीवरचं भांडं. जंतू साखर अर्धवट जाळून ऊर्जा काढतो, आणि त्या घाईच्या स्वयंपाकाला हे विकर लागतं. जंतू मेला की हे लवकर नाहीसं होतं. पण पहिल्या रेघेचा असा भरवसा नाही, म्हणून औषधानंतर जंतू आहे की गेला हे ठरवायला स्लाइडच हवी.

शंभर फील्ड

ऐका, ऐका. स्लाइडच हवी. (हे वाक्य फ्रेम करून लावतो.)

पीएचसी डायरी

साखरेवरून आठवलं. या जंतूची साखरेची भूक अफाट असते. जंतू असलेली तांबडी पेशी साध्या पेशीच्या कितीतरी पट साखर ओढते आणि मागे लॅक्टिक आम्ल टाकते. रात्री बैलगाडीतून बेशुद्ध मूल आणतात तेव्हा मेंदूत गेला म्हणून सगळे रडत असतात, आणि आम्ही आधी रक्तातली साखर बघतो. कधी कधी साखर चढवल्यावर अर्ध्या तासात मूल डोळे उघडतं. क्विनीन देत होतो त्या काळात आणखी जपावं लागायचं, कारण क्विनीन स्वतःच इन्सुलिन वाढवतं.

खरा मेंदूचा हिवताप वेगळा. फॅल्सिपॅरम मोठा झाला की तांबड्या पेशीवर बारीक गाठी उगवतो, त्यावर चिकट प्रथिन लावतो आणि पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसते. पानथरीतून (प्लीहेतून) जायचं टळतं, कारण पानथरी अशा पेशी गाळून टाकते. म्हणून काकांना स्लाइडवर फॅल्सिपॅरमच्या फक्त अंगठ्या आणि केळी दिसतात, मधल्या वयाचे जंतू आत कुठेतरी चिकटलेले.

डोंगरगुरुजी

केळी?

शंभर फील्ड

त्याचे नर-मादी, गॅमिटोसाइट. केळ्याच्या आकाराचे. डास चावला की हेच डासात जातात. कधी ताप उतरल्यावर पंधरा दिवसांनीही स्लाइडवर केळी सापडायची. माणूस हसत स्लाइड द्यायला यायचा आणि गावभर वाटायला माल घेऊन जायचा.

डोंगरगुरुजी

सगळं पटलं. पण माझा मूळ प्रश्न बांधावरच राहिला. क्लोरोक्विननं पोटातलं विष मोकळं झालं, जंतू मेला. मग परत आला कुठून?

पांदणवाला

मले एक शंका हाय. थो जेवते म्हणून मरते म्हणता. मंग जो उपास धरते थो?

वर्धेकरीण

पांदणवाले, दोनदा डॉक्टर झालात ते उगाच नाही! या अख्ख्या धाग्याची किल्ली तुमच्या हाती लागली.

डास चावल्यावर जंतू आधी रक्तात नाही, यकृतात जातो. तिथे आठवडाभर वाढून मग रक्तात उतरतो. पण व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृताच्या पेशीत शिरून वाढतच नाहीत, झोपतात. हिप्नोझॉइट असं नाव, ग्रीकमधला झोपेचा शब्द. यकृताच्या पेशीत हिमोग्लोबिन नाही. तो हिमोग्लोबिन खात नाही, म्हणून हीम नाही, म्हणून स्फटिक नाही. क्लोरोक्विन तिथे पोचून तरी काय अडवणार? उपाशी जंतूला ते दिसतच नाही. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी तो उठतो, रक्तात उतरतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

प्रायमाक्विन जेवणावर अवलंबून नाही. आपल्याच यकृतातलं एक विकर त्याचं रूप बदलतं आणि बदललेले रेणू त्या जागी ऑक्सिडीकरणाचा भडका उडवतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतात. झोपलेल्याला मारायला हा जाळ बरेच दिवस मंद तेवत ठेवावा लागतो. एकूण मात्रा महत्त्वाची, आणि ती एका दिवशी दिली तर माणसाला सोसत नाही, म्हणून चौदा दिवसांत वाटून देतात.

पीएचसी डायरी

आणि शेजारच्या पोराचं: फॅल्सिपॅरम यकृतात झोपत नाही. त्याला प्रायमाक्विन देतात ते काकांची केळी मारायला. पिकलेली केळीही हिमोग्लोबिन खात नाहीत, त्यामुळे इतर औषधांना दाद देत नाहीत. त्यासाठी एक मात्रा पुरते. रुग्णाला स्वतःला तिचा काही फायदा नाही, गावाला आहे.

गुरुजी, घरच्यांना नवा डास चावला की जुना जंतू उठला हे किट सांगू शकत नाही, स्लाइडही नाही. पण चौदातल्या पाचच दिवस गोळ्या झाल्या असतील तर मी जुन्यावरच बोट ठेवीन. आता दोन्ही औषधं पहिल्यापासून पूर्ण. आणि एक विचारतो, मागच्या वेळी गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती का? डोळे पिवळे, दम लागणं?

डोंगरगुरुजी

विचारलं. नाही. नुसती मळमळ. उपाशीपोटी घ्यायची, सकाळी कामावर जाताना.

पीएचसी डायरी

मग जेवणानंतर द्या. विचारलं ते जी-६-पीडीसाठी. प्रायमाक्विनचा जाळ तांबड्या पेशीलाही लागतो. पेशीजवळ तो विझवायची सोय असते, त्या सोयीचं मुख्य विकर म्हणजे जी-६-पीडी. काहींच्यात ते जन्मतः कमी असतं, पुरुषांत जास्त आढळतं कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. अशांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात यायचं. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं मूल, यांना प्रायमाक्विन नाही.

लाल-पिवळं कार्ड

मी सिकलसेलचा वाहक, एएस. बहीण एसएस, म्हणजे तिला प्रत्यक्ष आजार. आमच्या भागात सगळे म्हणतात सिकलवाल्याला मलेरिया होत नाही. खरं का?

वर्धेकरीण

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकल. वाहकाच्या पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. फॅल्सिपॅरम अशा पेशीत शिरून जिथे ऑक्सिजन कमी तिथे चिकटायला जातो, आणि तिथेच सिकल हिमोग्लोबिनच्या काड्या होतात. कणगीतलं धान्यच दगड झालं. जंतूची वाढ अडते, पेशी विळ्यासारखी वाकते, पानथरी तिला उचलते. वरचं चिकट प्रथिनही नीट बसत नाही. आफ्रिकेतल्या अभ्यासांत वाहकांना गंभीर मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण दिसलं. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया तिथेच हे जनुक टिकलं, आपला पूर्व विदर्भ त्यातलाच. पण संसर्ग वाहकालाही होतो. ताप आला तर टोचून घ्यायचंच.

पीएचसी डायरी

बहिणीचं मात्र उलटं आहे. एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर रक्त झपाट्यानं उतरतं, जिवावर बेततं. तिच्यासाठी मच्छरदाणी सगळ्यात आधी.

आणखी एक. सिकलवाल्यांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते, बहुधा ५ मिलिग्रॅमची. सल्फाडॉक्सिन आणि पायरीमेथामिन जंतूची फोलेट बनवायची वाट दोन ठिकाणी तोडतात. फोलेट नाही तर डीएनए नाही, डीएनए नाही तर पिल्लं नाहीत. आपण फोलेट भाजीपाल्यातून खातो, जंतू स्वतः बनवतो, म्हणून घाव त्याच्यावर बसतो. पण रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त फॉलिक अ‍ॅसिड पोटात जात असेल तर या औषधाचा जोर कमी होतो. स्वतःहून काही बंद करू नका, फक्त औषध देणाऱ्याला ही गोळी चालू आहे एवढं सांगा.

आशाताई

हे आम्हाले कोणी सांगितलं नव्हतं. लिहून घेतलं.

कडुनिंब

एवढी रसायनं पोटात घालण्यापेक्षा काडेचिराइताचा काढा काय वाईट? कडू लागतं म्हणजे जंतूला लागतंच. चीनच्या बाईला नोबेल मिळालं ते झाडपाल्यावरच ना?

वर्धेकरीण

मिळालं, आणि काढा उकळायचा सोडला म्हणून मिळालं.

चीनमध्ये २३ मे १९६७ ला लष्करासाठी मलेरियाच्या औषधाचा गुप्त प्रकल्प सुरू झाला, त्याच तारखेवरून प्रकल्प ५२३. तू यूयू यांच्या गटानं जुन्या ग्रंथांतल्या वनस्पती तपासल्या. चिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात एक ओळ दिसली: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा असं म्हटलेलं नाही! म्हणजे उष्णतेनं गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, आणि १९७१ मध्ये तो उंदरांवर शंभर टक्के लागू पडला. तेच हे आर्टेमिसिनिन. २०१५ ला नोबेल.

त्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक नाजूक पूल आहे, तोच त्याचा सुरुंग. जंतूनं हिमोग्लोबिन पचवून सोडलेल्या हीमच्या लोखंडाशी गाठ पडली की पूल तुटतो आणि तुटलेले तुकडे दिसेल त्या प्रथिनाला चिकटून ते बिघडवतात. काडी पुन्हा जंतूच्याच चुलीतली. वनस्पती आपल्या दवण्याच्याच वंशातली, पण दवण्यात हे औषध नाही, देवालाच वाहा. त्या वनस्पतीचा चहा पिऊनही पुरेशी मात्रा मिळत नाही. थोडं थोडं औषध म्हणजे जंतूला तालीम. कडूपणाचा आणि जंतू मरण्याचा काही संबंध नाही. कारलंही कडूच असतं.

कडुनिंब

कारल्याला नावं ठेवू नका. बाकी वाचतोय.

शंभर फील्ड

क्लोरोक्विन फॅल्सिपॅरमवर चालेनासं झालं ते आमच्या डोळ्यांदेखत. आधी गोळी दिली की तिसऱ्या दिवशीची स्लाइड कोरी. मग तिसऱ्या दिवशीही अंगठ्या. आम्हाला वाटायचं रुग्णानं गोळी थुंकली.

वर्धेकरीण

थुंकत होता तो जंतू. त्याच्या पोटाच्या पडद्यावर एक वाहक प्रथिन असतं. त्याच्या ७६ व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन आलं आणि सापळ्याला मागचं दार फुटलं, क्लोरोक्विन बाहेर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत हे दिसू लागलं, भारतात १९७३ मध्ये आसामात. व्हायव्हॅक्स आपल्याकडे अजून बऱ्यापैकी ऐकतो, म्हणून त्याला तीच जुनी गोळी.

पण मला खरी धडकी भरते ती आर्टेमिसिनिनची वाट चुकवणाऱ्या जंतूनं. पश्चिम कंबोडियात २००८ च्या सुमारास ते लक्षात आलं, आता पूर्व आफ्रिकेतही आहे. त्याच्या केल्च-१३ नावाच्या प्रथिनात बदल असतो. हे प्रथिन हिमोग्लोबिनचा घोट घ्यायच्या कामात लागतं. बदल झाला की अंगठीच्या वयातला जंतू कमी खातो. कमी खाल्लं, कमी हीम, सुरुंगाला काडीच नाही. औषध रक्तात काही तासच टिकतं. तेवढा वेळ अर्धपोटी काढायचा आणि मग निवांत जेवायला बसायचं. पांदणवाले, हा तुमचा उपासवाला.

पांदणवाला

जंतू एकादशी पाळते अन् आमी नाई.

तिसरी सुई

आज त्या डॉक्टरांना विचारलं, सोबतची गोळी का देत नाही. म्हणाले पेशंट घेत नाहीत, सुईचे पैसे देतात. पुढे काय बोलायचं मला सुचलं नाही.

लाल-पिवळं कार्ड

लस आली म्हणतात ना?

पीएचसी डायरी

आर-२१ नावाची, पुण्याच्या सीरममध्ये बनते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लहान मुलांसाठी शिफारस केली. रोख फॅल्सिपॅरमवर आणि वापर आफ्रिकेत. गुरुजींच्या व्हायव्हॅक्सला तिचा उपयोग नाही.

डोंगरगुरुजी

उशिरा येतोय, परीक्षा होत्या.

वर्गात सांगितलं. फळ्यावर ढोली काढली, आत उंदीर, उंदराच्या पोटात कोंडा. झोपलेला उंदीर वेगळ्या घरात. पोरीनं लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मंग आईच्या गोळ्या कोणत्या घरच्या उंदराच्या?" तिच्या घरीही चालू आहेत, मला माहीत नव्हतं. संध्याकाळी जाऊन आलो. सातव्या दिवशी बंद होत्या. आशाताईंना कळवलं, त्या पाहून घेतील.

आमच्याकडे आज नववा दिवस. रात्री भात खाल्ला की गोळी, मळमळ नाही. देवळीतलं श्रावणातलं पाकीट आशाताईंना दिलं. रोजच्या दोन प्रमाणे अठरा गोळ्या होत्या, त्यांनी मोजून घेतल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की इन्स्पेक्शनला आलेले साहेब बरे.

आशाताई

बघणारच ना जी. पांदणवाले, तुमच्याकडच्या कुठं हायेत?

पांदणवाला

माह्याइकडं सात हायेत. कोणाच्या व्हय थे आठवत नाई. उद्या आणून देतो.